डी ड्राइव्ह रिकामा, तरी जागा नाही

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

सांगली जिल्ह्यातल्या एका गावातून एका ताईंचं पत्र आलं आहे. त्या माध्यमिक शाळेत शिकवतात आणि घरी डीटीपीचं काम करतात: लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, वाढदिवसाचे बॅनर. लॅपटॉप 2019 साली घेतलेला, विंडोज 10, रॅम 8 जीबी, एसएसडी (म्हणजे फिरती चकती नसलेली डिस्क) 256 जीबीची. दुकानदाराने देतानाच तिचे दोन भाग करून दिले, सी 100 जीबीचा आणि उरलेला डी. विंडोज 11 वर जायला निघाल्या तर ‘जागा कमी आहे’ म्हणून काम थांबतं. त्यांनी दोन रात्री जागून डी वरचे जुने फोटो पुसले, पार मुलाच्या बारशापासूनचे. तरी सी मध्ये जेमतेम 5 जीबी मोकळे दिसतात, आणि डी मध्ये मात्र 90. भाचा म्हणतो, फॉरमॅट मारून टाकू. दुकानदार म्हणतो, नवा घ्या. मिस्टर म्हणतात, चालतोय ना, मग कशाला हात लावतेस? पत्राच्या शेवटी ताई विचारतात: मला काहीच टाकवत नाही, हीच माझी चूक आहे का? आता आणखी काय पुसू?

ताई,

आणखी काही पुसायच्या आधी डेस्कटॉपवरचं रिसायकल बिन उघडा. तुम्ही ते रिकामं केलं नसेल तर बारशाचे फोटो अजून तिथेच पडलेले आहेत. ‘ओरिजिनल लोकेशन’ नावाचा रकाना दिसेल, त्याच्या मथळ्यावर क्लिक केलंत की डी वरून आलेल्या फाइल्स एका जागी जमतील. त्या निवडा, राइट क्लिक करा, ‘रिस्टोअर’ म्हणा. जिथून उठल्या होत्या तिथेच परत जाऊन बसतील. हे झालं की मग पुढचं वाचा. स्टोरेज सेन्स नावाची सोय चालू असेल तर ती बिनमध्ये तीस दिवसांपेक्षा जास्त राहिलेल्या फाइल्स परस्पर काढून टाकते, म्हणून ही घाई.

बिन रिकामं करून बसला असाल तर मात्र अवघड आहे. जुन्या, फिरत्या चकतीच्या हार्डडिस्कवर पुसलेली फाइल बराच काळ तशीच पडून राहायची आणि एखादा जाणकार ती उकरून काढायचा. एसएसडीला मात्र ‘ही जागा आता मोकळी’ असा निरोप विंडोजकडून लगेच जातो आणि ती स्वतःच झाडलोट करून टाकते. तेव्हा असं झालं असेल तर डी वर नवीन काहीही टाकू नका, जाणकाराला दाखवा, आणि तोवर फोटो मुळात कुठून आले होते ते आठवा. जुना फोन, कॅमेऱ्याचं कार्ड, गुगल फोटोज, नणंदेला व्हॉट्सॲपवर पाठवलेले. अनेकदा तिथे एक प्रत निघते.

आता, दोन रात्री घालवूनही सी मध्ये एक जीबीसुद्धा का वाढला नाही? फोटो डी वर होते म्हणून. माळा रिकामा केलात, पण पाहुणे उतरायचे होते पुढच्या खोलीत. विंडोज राहतं सी मध्ये, नवं विंडोज येतं सी मध्ये, जुनं विंडोज बांधून ठेवलं जातं तेही सी मध्येच. डी मध्ये नव्वद काय, नऊशे जीबी मोकळे असते तरी त्याचा सी ला आपोआप उपयोग होत नाही. हे दुकानदाराने कधी तुम्हाला सांगितलं नाही आणि तुम्ही कधी विचारलं नाही. दोघांचंही काही चुकलं नाही, 2019 मध्ये हा प्रश्नच नव्हता.

जाता जाता: तुमच्या 256 जीबीमधले 18 कुणी चोरलेले नाहीत. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज 1024 च्या पटीत. त्यामुळे 256 चे विंडोजमध्ये 238 दिसतात. त्यातून सी चे 100 आणि विंडोजचे स्वतःचे एक-दोन छोटे कप्पे वजा केले की उरतो तुमचा डी.

‘मला काहीच टाकवत नाही, हीच माझी चूक आहे का’ या प्रश्नावर मात्र जरा बसू. तुम्ही गृहीत धरलंय की जागा करायची म्हणजे काहीतरी आवडीचं पुसायचं, आणि जे सगळ्यात आवडीचं तेच सगळ्यात जास्त जागा खात असणार. हिशेब करून पाहा. फोनवर काढलेला एक फोटो साधारण 3 एमबीचा धरला तर तीन हजार फोटोंना लागतात 9 जीबी. घरातली सगळी बारशी, मुंजी आणि गॅदरिंग त्यात मावतात. सी वरचे 95 जीबी फोटोंनी खाल्लेले नाहीत. कुणी खाल्लेत ते बघायला एक जागा आहे: सेटिंग्ज, त्यात सिस्टीम, त्यात स्टोरेज. तिथे सी ची आडवी पट्टी आणि खाली यादी येते. यादी भरायला मिनिट-दोन मिनिटं लागतात, तोवर कशालाही हात लावू नका. मग ते आकडे वहीत उतरवून घ्या. मी हे अगदी कागदावर लिहायला लावते, कारण स्क्रीनवर बघितलं की माणूस लगेच डिलीटकडे धावतो.

तुमच्या कामाचं स्वरूप बघता मला अंदाज आहे काय सापडेल ते.

पहिलं म्हणजे डेस्कटॉप. डीटीपी करणाऱ्या प्रत्येकाचा डेस्कटॉप मी पाहिलाय तो असाच: ‘पाटील लग्न फायनल’, ‘पाटील लग्न फायनल 2’, ‘पाटील लग्न एकदम फायनल’. डेस्कटॉपवर ठेवलेलं म्हणजे समोर टेबलावर ठेवलेलं, कपाटात काही गेलेलं नाही, असं वाटतं. प्रत्यक्षात डेस्कटॉप हा सी मधलाच एक फोल्डर आहे. तिथली प्रत्येक बॅनरची फाइल सी ची जागा खाते, आणि दहा बाय पंधराच्या फ्लेक्सची फोटोशॉप फाइल केवढी असते ते मी तुम्हाला काय सांगणार.

दुसरं, कोरल ड्रॉ. ते तुमच्या प्रत्येक फाइलशेजारी ‘बॅकअप ऑफ’ अशा नावाची जुळी फाइल ठेवून देतं. मूळ फाइल बिघडली तर कामी यावी म्हणून. सोय चांगली आहे, पण 2020 सालच्या पत्रिकेची जुळी फाइल आज कुणाला हवी? मूळ फाइल उघडून पाहा, नीट उघडली की जुळी काढायला हरकत नाही. फोटोशॉपचं आणखी वेगळं: मोठ्या फाइलवर काम करताना ते सी वर कच्च्या कामासाठी भलीमोठी तात्पुरती फाइल उघडतं आणि मध्येच लाइट गेली किंवा ते बंद पडलं तर ती तशीच मागे राहते. फोटोशॉपच्या प्रेफरन्सेसमध्ये ‘स्क्रॅच डिस्क’ असतं, तिथे सी काढून डी करा. हे एकदाच करायचं काम आहे.

तिसरं डाउनलोड्स. यावर मी वेळ घालवत नाही, तिथे काय साचतं ते सगळ्यांना माहीत आहे. एकच सावधगिरी. स्टोरेजच्या यादीत ‘टेम्पररी फाइल्स’ उघडलं की चौकोनांची यादी येते, आणि त्या यादीत ‘डाउनलोड्स’ही असतं. नावावरून वाटतं, तात्पुरतं आहे, जाऊ दे. त्या चौकोनात टिक केलीत तर गिऱ्हाइकांनी मेलने पाठवलेले लोगो, शाळेची परिपत्रकं, सगळं जाईल. बाकीचे चौकोन, म्हणजे विंडोज अपडेटचा उरलेला गाळ, डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन, थंबनेल्स, खुशाल टिक करा. रिसायकल बिनचा चौकोन मात्र फोटो परत आणल्याशिवाय करू नका!

आणि कधीकधी चोर अगदीच अनपेक्षित निघतो. माझ्या वहिनीच्या लॅपटॉपवर आम्ही असेच आकडे उतरवले. फोटो, डॉक्युमेंट्स, ॲप्स, सगळ्यांची बेरीज केली तरी चाळीसेक जीबीचा हिशेब लागेना. शोधता शोधता सापडलं की चार वर्षांपूर्वी भाचीचा आयफोन एकदा त्या लॅपटॉपला जोडला होता, तेव्हा त्याचा अख्खा बॅकअप सी मध्ये उतरला होता. फोन केव्हाच विकला, बॅकअप तिथेच मुक्कामाला. तिच्या स्वतःच्या फोटोंना धक्कासुद्धा लावावा लागला नाही.

तर पुसायचं कमी, हलवायचं जास्त. डी मध्ये नव्वद जीबी मोकळे आहेत, हीच तुमची श्रीमंती. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स हे तिन्ही फोल्डर जसेच्या तसे डी वर नेता येतात आणि तरीही दिसायला, वापरायला जिथल्या तिथे राहतात. डी मध्ये आधी प्रत्येकासाठी वेगळा रिकामा फोल्डर करा. मग डेस्कटॉप फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, लोकेशन, मूव्ह, आणि तो नवा फोल्डर दाखवा. इथे एक खड्डा आहे ज्यात बरेचजण पडतात: फोल्डर न करता सरळ डी ड्राइव्हच दाखवला तर विंडोज अख्ख्या डी लाच डेस्कटॉप समजतं, आणि मग ते निस्तरताना नाकी नऊ येतात. वनड्राइव्ह (मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन साठवण) चालू असेल आणि त्यात या फोल्डरांचा बॅकअप लावलेला असेल तर तो आधी थांबवा, नाहीतर ते मूव्ह करू देत नाही.

भाच्याला वाटेल, एवढं कशाला, डी लहान करून सी मोठा करू. त्याला सांगा, करून बघ म्हणावं. डिस्क मॅनेजमेंटमध्ये डी ‘श्रिंक’ होतो, पण मोकळी झालेली जागा निघते डी च्या पलीकडच्या टोकाला. सी ला वाढायला हवी असते अगदी त्याच्या लगतची जागा, त्यामुळे ‘एक्स्टेंड’चं बटण फिकटच राहतं. मधली भिंत पाडायची तर डी पूर्ण रिकामा करून काढून टाकावा लागतो, आणि दोघांच्या मध्ये विंडोजचा रिकव्हरीचा कप्पा निघाला तर तेवढ्यानेही भागत नाही. बाहेरची सॉफ्टवेअरं हे काम करतात, पण मी तुमच्याजागी असते तर बॅकअप नसताना डिस्कवर असली शस्त्रक्रिया केली नसती. हलवाहलवीने पंचवीस-तीस जीबी निघत असतील तर भिंत पाडायची गरजच काय?

होय, मला सी मध्ये पंचवीस ते तीस जीबी मोकळे हवेत. विंडोज 11 साठी किमान 64 जीबीची डिस्क लागते असं मायक्रोसॉफ्ट सांगतं, पण तो आकडा अख्ख्या डिस्कचा. चालू विंडोजवरून वर चढताना नव्याची सामग्री उतरायला, ती उलगडायला आणि जुनं विंडोज बाजूला ठेवायला वेगळी जागा लागते. काठावरच्या जागेत हे काम सुरू झालं की अर्ध्यावर अडकतं, मागे फिरतं, आणि तुमची एक रात्र आणखी जाते.

अजूनही दोन-तीन जीबी कमी पडले तर हायबरनेशन बघा. लॅपटॉप गाढ झोपवताना रॅममधलं सगळं डिस्कवर उतरवून ठेवायला विंडोज एक फाइल राखून ठेवतं, साधारण रॅमच्या चाळीस टक्के, म्हणजे तुमच्याकडे तीन जीबीच्या आसपास. भाच्याला ती बंद करायची कमांड माहीत असेल. लॅपटॉप चालू व्हायला काही सेकंद जास्त लागतील, एवढंच. पण विंडोजच्या पोटातले फोल्डर हाताने पुसायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, कितीही मोठे दिसले तरी.

आता यातला माझा सगळ्यात मोठा आग्रह. डी वर नेलं म्हणजे सुरक्षित झालं, असं मुळीच नाही. सी आणि डी हे एकाच कपाटाचे दोन कप्पे आहेत. एसएसडी गेली तर दोन्ही एकदम जातात. हात लावायच्या आधी एक बाहेरची हार्डडिस्क आणा, विकत किंवा कुणाची उसनी, आणि फोटो, पत्रिका, शाळेचे निकाल असं जे जे परत करता येणार नाही ते तिच्यावर कॉपी करा. कॉपी, कट नव्हे. मी एकदा जागा करायच्या नादात भावाच्या लग्नाचा व्हिडिओ बाहेरच्या डिस्कवर टाकला, लॅपटॉपवरचा पुसला आणि स्वतःवर फार खूश झाले. आठ दिवसांनी ती डिस्क टेबलावरून खाली पडली. कर्र कर्र असा आवाज यायचा, बाकी काही नाही. आता लग्नाचा विषय निघाला की वहिनी माझ्याकडे नुसती बघते. त्या दिवसापासून मी एका प्रतीला बॅकअप म्हणत नाही. बॅकअप म्हणजे दुसरी प्रत, पहिली शाबूत असताना.

ऑनलाइन तीन-चारशे रुपयांत ‘दोन टीबी’चा पेनड्राइव्ह दिसला तर घेऊ नका. तो लॅपटॉपला दोन टीबी असल्याचं सांगतो, आत असते थोडीशीच जागा, आणि ती भरली की पुढच्या फाइल्स नुसत्या नावापुरत्या उरतात. उघडायला जाल तेव्हा कळतं.

भाच्याच्या फॉरमॅटबद्दल. त्याचा हेतू चांगला आहे, आणि ज्याच्या लॅपटॉपवर ब्राउझर आणि गेम सोडून काही नाही त्याला फॉरमॅट हा खरंच स्वच्छ उपाय आहे. तुमचं तसं नाही. तुमची वीस वर्षांची अक्षरं जुन्या फॉन्टमध्ये आहेत. श्री-लिपी किंवा डीव्हीबी-टीटी सुरेख अशा फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फाइलमध्ये मराठी अक्षरं साठवलेलीच नसतात. साठवलेली असतात इंग्रजी कीबोर्डची चिन्हं, आणि तो फॉन्ट त्या चिन्हांच्या जागी मराठी वळणं दाखवतो. फॉन्ट गेला की ‘श्री गजानन प्रसन्न’च्या जागी नुसता चिन्हांचा किडामुंगी उरतो. फाइल असते, वाचता येत नाही. फॉरमॅट केलं की सी वरचे फॉन्ट, कोरल, श्री-लिपी आणि त्यांची नोंदणी, सगळं जातं. मग शोधा ती सीडी, ती लायसन्स की, किंवा यूएसबीला लावायचं ते लॉक, जे बहुतेक कुठल्यातरी ड्रॉवरमध्ये रबरबँड गुंडाळून ठेवलेलं असतं.

म्हणून ‘पर्सनल फाइल्स आणि ॲप्स ठेवा’ हा पर्याय निवडूनच वर चढा. तेव्हा फॉन्ट आणि सॉफ्टवेअर जागेवर राहतात. तरीही आदल्या दिवशी विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधले तुमचे मराठी फॉन्ट बाहेरच्या डिस्कवर कॉपी करून ठेवा, आणि महत्त्वाच्या फाइल्सची पीडीएफ काढा. फॉन्ट तिच्या पोटातच बसतो, त्यामुळे मजकूर कुठेही वाचता येतो. कोरल आणि श्री-लिपीचं तुमच्याकडचं व्हर्जन विंडोज 11 वर चालतं का, हे ज्याच्याकडून घेतलंत त्याला आधी एक फोन करून विचारा. ते चालत नसेल तर बाकीच्या सगळ्या जागेचा विचार फोल आहे.

दुकानदाराचं म्हणणं तपासायला दोन मिनिटं पुरतात. सेटिंग्जमध्ये सिस्टीम, शेवटी अबाउट. तिथे प्रोसेसरचं नाव दिसेल. इंटेलचा असेल तर आय-थ्री किंवा आय-फाइव्हच्या पुढचा आकडा बघा. 8250 किंवा 8265 असेल तर आठवी पिढी, आणि साधारण तिथूनच विंडोज 11 चा दरवाजा उघडतो. 7200 असेल तर सातवी, तिथे सरळ मार्ग बंद आहे. मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक नावाचं छोटं ॲप याचं स्पष्ट उत्तर देतं. त्यात ‘टीपीएम 2.0 नाही’ (म्हणजे विंडोज 11 ला लागणारी सुरक्षेची सोय नाही) असं आलं तरी लगेच खचू नका. 2019 च्या बहुतेक लॅपटॉपमध्ये ते असतं, फक्त बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये, बंद ठेवलेलं असू शकतं. मात्र बायोसला हात लावायच्या आधी तुमची डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे सांकेतिक कुलपात ठेवलेली, आहे का ते पाहा. असेल तर मायक्रोसॉफ्टच्या खात्यातली 48 आकडी रिकव्हरी की वहीत उतरवून ठेवा. अपडेटनंतर निळ्या पडद्यावर ती मागितली गेली आणि हाताशी नसली तर आतलं सगळं आत आणि तुम्ही बाहेर. तुमचं पत्र सांगतं की काम थांबलं ते जागेपाशी, म्हणजे बाकीच्या अटी बहुधा पार झाल्या आहेत. तसं असेल तर नव्या लॅपटॉपचे पैसे तूर्त राहू द्या.

राहिले मिस्टर. त्यांचं म्हणणं मला वाटतं तितकं चुकीचं नाही. विंडोज 10 चा सांभाळ मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबवला, म्हणून लॅपटॉप त्या दिवशी बंद पडला नाही आणि पडणारही नाही. बंद झाली ती सुरक्षेची डागडुजी. घरच्या वापरकर्त्यांसाठी एका वर्षाची मुदतवाढ ठेवली होती, 13 ऑक्टोबर 2026 पर्यंतची. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन करून सेटिंग्ज त्या खात्याशी जोडल्या की ती पैसे न देता मिळते. ती मुदत अजून हातात असेल आणि पुढे लग्नसराई उभी असेल तर मी म्हणेन मुदतवाढ घ्या, नोंदणी विंडोज अपडेटच्या पानावरूनच होते, आणि हे सगळं उन्हाळ्याच्या सुट्टीत निवांत करा. पण त्याच लॅपटॉपवर बँकेचे व्यवहार आणि मुलांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज करत असाल तर डागडुजीविना वर्षानुवर्षं चालवणं मला पटत नाही. ‘चालतोय ना’ हे दार मोडकं असलं तरी खरंच असतं.

प्रत्यक्ष दिवसाबद्दल थोडं. उतरवायची सामग्री चार-पाच जीबीची आहे. रोजच्या दीड-दोन जीबीच्या मोबाइल पॅकवर हॉटस्पॉट लावून बसू नका, कुणाच्यातरी वायफायवर हे काम करा. बॅटरी भरलेली आणि चार्जर लावलेला हवा. शुक्रवारी रात्री सुरू करा, ज्याच्या दुसऱ्या दिवशी कुणाच्या पत्रिकेचं प्रूफ द्यायचं नाही असा शुक्रवार.

नवं विंडोज उभं राहिल्यावर पहिला धक्का बसेल तो असा: इतकं करून मोकळी केलेली जागा पुन्हा गायब. घाबरू नका. जुनं विंडोज ‘विंडोज ओल्ड’ नावाच्या फोल्डरमध्ये बांधून ठेवलेलं असतं, पंधरा-वीस जीबी सहज. दहा दिवसांत मन बदललं किंवा कोरल रुसलं तर सेटिंग्जमधल्या रिकव्हरीत ‘गो बॅक’ म्हणून परत फिरता येतं. फोल्डर पुसलात तर परतीचा रस्ता बंद. तेव्हा दहा दिवस त्याच्याकडे बघूसुद्धा नका. त्या दिवसांत एक जुनी पत्रिका उघडा, एक पावतीपुस्तक छापून बघा, प्रिंटर आणि शाळेचं निकालपत्रक तपासा. सरकारी पत्रांतला मंगल फॉन्ट दिसेनासा झाला तर तो सेटिंग्जमध्ये ‘ऑप्शनल फीचर्स’खाली देवनागरीच्या जादा फॉन्टसोबत मिळतो. दहा दिवसांनी ते बोचकं विंडोज स्वतःच उचलतं, आणि नाही उचललं तर टेम्पररी फाइल्सच्या यादीत ‘प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन’ या नावाने दिसेल.

ज्यांच्याकडे 128 जीबीची एकच डिस्क आहे त्यांनाही हाच क्रम लागू पडतो, फक्त हलवायला डी नसल्यामुळे दोन वेगळ्या बाहेरच्या डिस्कवर दोन प्रती लागतील. डिस्क सोल्डर केलेली, म्हणजे आत कायमची चिकटवलेली, नसेल तर मोठी एसएसडी बसवणं हा नव्या लॅपटॉपपेक्षा शहाणपणाचा खर्च. पण डिस्क बदल आणि विंडोज बदल एकाच शनिवारी करू नका. काही बिघडलं तर कशाने ते कळणार नाही. 32 किंवा 64 जीबीचे ते छोटे, हलके लॅपटॉप ज्यांच्याकडे आहेत त्यांना मी विंडोज 11 च्या मागे लागू नका असंच सांगते. 32 मध्ये तर ते बसतच नाही, आणि 64 मध्ये बसलं तरी दर मोठ्या अपडेटला पुन्हा हीच मारामारी. नुसतं ब्राउझर आणि मेल असेल तर तिथे विंडोजऐवजी लिनक्स मिंट किंवा क्रोम ओएस फ्लेक्स आरामात नांदतात. श्री-लिपीवाल्यांनी मात्र तिकडे फिरकू नये, ती तिथे चालायची नाही.

ताई, आकडे वहीत उतरवलेत की त्या पानाचा फोटो काढून मला पाठवा. विशेषतः ‘अदर’ या ओळीसमोर दहा जीबीपेक्षा जास्त दिसले तर काही हलवायच्या आधी पाठवा. वहिनीच्या लॅपटॉपवरचा तो आयफोनचा बॅकअप त्याच ओळीत लपला होता.